चवीवरून औषधी वनस्पती निवडता येतात का? (सात डब्या आणि उडालेली झोप)

रात्रवेडी

गेले तीन महिने झोपेचं पार खोबरं झालंय. रात्री अडीचला टक्क जाग येते, छातीत धडधड, आणि मग डोक्यात दिवसभराचं एकेक बोलणं परत परत फिरत बसतं. दिवसा चिडचिड. त्यात कुठेतरी वाचलं की औषधी वनस्पती चवीवरून निवडायच्या, म्हणजे जी चव आपल्याला आवडते ती शरीराला हवी असते म्हणून आवडते, आणि प्रत्येक चवीची एक भावना असते, गोड म्हणजे माया, कडू म्हणजे साचलेलं दुःख मोकळं होणं, तिखट म्हणजे राग बाहेर पडणं वगैरे. पटलं म्हणा किंवा रात्री अडीचला काहीही पटतं म्हणा, मी सात चूर्णं मागवली. अश्वगंधा, जटामांसी, ब्राह्मी, शतावरी, ज्येष्ठमध, अर्जुन आणि काडेचिराईत. सात डब्या ओळीने मांडल्या आणि चमच्याच्या टोकावर घेऊन एकेक चाखलं.

निकाल असा: ज्येष्ठमध मस्त. शतावरी चालेल, जरा चिकट. ब्राह्मी कडवट पण सुसह्य. अश्वगंधेला धुळीची चव. जटामांसीला तोंडाच्या आधी नाकानेच नकार दिला, ओल्या मोज्यांचा वास येतो शपथ. अर्जुनाने जीभ टाळूला चिकटली. काडेचिराईताबद्दल न बोललेलं बरं.

तर आवडलं म्हणून रोज दोन चमचे ज्येष्ठमध घेतेय आणि सगळे नाव घेतात म्हणून रात्री एक चमचा अश्वगंधा. तीन आठवडे झाले, झोप तशीच. माझी चव चुकली की पद्धतच चुकीची?

उंटावरचा शहाणा

रुमाल टाकून जागा धरतोय. ओले मोजे वाचून हसून हसून पुरेवाट.

कडूजहर

मी तुझ्या बरोबर उलटा प्राणी. मला काडेचिराईत आवडतं!! आवडतं म्हणजे काय, पहिल्यांदा काडी चघळली तेव्हा पाचेक सेकंद काहीच नाही, वाटलं जुनी काडी दिसतेय, आणि मग जिभेच्या मागून जी लाट आली ती कानापर्यंत गेली. तोंड वाकडं, डोळे मिटलेले, आणि तोंडात लाळच लाळ. दहा मिनिटांनी पोटात गुरगुर आणि सणसणीत भूक. तेव्हापासून अधूनमधून घेतो. दुःखबिख काही मोकळं झालं नाही, गॅस मात्र झाला.

खलबत्ता

रात्रवेडी, मी वैद्यकी करतो त्यामुळे इथे कुणालाही 'हे घे, एवढं घे' असं सांगणार नाही, तेवढं आधीच. पण पद्धतीबद्दल बोलू शकतो आणि जरा लांबणार आहे.

चवीवरून द्रव्य ओळखायचं हा आयुर्वेदाचा पायाच आहे, त्यात थोतांड काही नाही. पण 'आवडते ती घ्या' हे मात्र त्यात कुठेच नाही. मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय (तुरट) हे सहा रस, म्हणजे चवी. पहिले तीन वात कमी करतात, शेवटचे तीन कफ कमी करतात, मधुर-तिक्त-कषाय पित्त कमी करतात. म्हणजे निवड होते ती बिघाडाच्या उलट. तुला काय रुचतं यावर नाही. उलट ज्याचं जे वाढलेलं असतं त्याला बरेचदा तेच आवडतं, हे कुठलाही वैद्य सांगेल.

हा सहाचा आकडा तरी कुठून आला याची मजा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानाचा २६वा अध्याय वाचा, तो म्हणजे चक्क एक धागाच आहे. ऋषी जमलेत आणि रस किती यावर वाद. भद्रकाप्य म्हणतो एकच. दुसरा म्हणतो दोन, मग तीन, चार, पाच. वार्योविद सहा म्हणतो पण ते वेगळेच सहा, जड-हलकं, थंड-गरम असले. निमी त्यात क्षार घालून सात करतो, बडिश 'अव्यक्त' घालून आठ, आणि कांकायन म्हणतो मोजूच नका, असंख्य आहेत. शेवटी ग्रंथातले मुख्य गुरू आत्रेय निकाल देतात की सहाच, क्षार हा रस नाही, ते द्रव्य आहे. फरक एवढाच की तिथे कुणी कुणाला ब्लॉक केलं नाही.

पण त्याच अध्यायात जे पुढे आहे ते जास्त महत्त्वाचं. रस कळतो जिभेला लागल्या लागल्या. विपाक, म्हणजे पचन झाल्यावर जे उरतं ते, परिणामावरून ओळखावं लागतं. आणि वीर्य, म्हणजे उष्ण की शीत, ते पोहोचल्यापासून शरीरात असेपर्यंत जाणवत राहतं. म्हणजे जिभेने फक्त दार उघडलंय, आत कोण आलं ते नंतर कळणार. सुंठ आणि पिंपळी तिखट, पण विपाक मधुर. आवळा आंबट, आंबट म्हणजे उष्ण असायला हवा, पण शीत. गुळवेल कडू, कडू म्हणजे थंड असायला हवी, पण उष्ण. दंती आणि चित्रक यांचं रस-वीर्य-विपाक सगळं सारखं, तरी दंतीने जुलाब होतात, चित्रकाने नाही. त्याला 'प्रभाव' म्हणून मोकळे झाले जुने लोक, आणि मला तो प्रामाणिकपणा वाटतो.

तुझ्याच डब्यांकडे बघ. झोप नाही, धडधड, विचार पळतायत, याला सरळ हिशोबाने वात म्हणतील. मग कडू-तुरट नको, गोड हवं. पण ब्राह्मी, जटामांसी दोन्ही कडू-तुरटाकडच्या आणि दोन्ही मनासाठीच वापरतात. तेव्हा नुसत्या चवीच्या तक्त्यावर चाललं असतं तर आम्हाला एवढी वर्षं शिकावं लागलं नसतं.

पडवीतला

खलबत्ता, मस्त प्रतिसाद. एक शंका, कटु म्हणजे कडू ना? मग तिक्त म्हणजे तिखट?

खलबत्ता

नाही!! बरं झालं विचारलंस. संस्कृतातला कटु म्हणजे आपलं तिखट, आणि तिक्त म्हणजे आपलं कडू. मराठीत शब्द घसरून नेमके उलटे बसलेत. 'कटू आठवणी' म्हणताना आपण कडू म्हणतो, ग्रंथातला कटु मात्र मिरी-सुंठेचा. अर्धे व्हॉट्सॲप फॉरवर्ड इथेच आपटतात, 'कटु रसाने कफ जातो' वाचून लोक काढ्यावर काढे पितात.

पडवीतला

म्हणजे मी चार वर्षं उलटं वाचत होतो. धन्स. मान खाली घालून जातो.

शंकासुर

रात्रवेडी, पद्धतीचं नंतर बोलू, आधी ते ज्येष्ठमध थांबवा. आजच. माझं काम औषधशास्त्रातलं आहे, त्यामुळे हे वाचून मलाच धडधडलं.

ज्येष्ठमधातला ग्लायसिऱ्हायझिन नावाचा घटक साखरेच्या ३० ते ५० पट गोड असतो, तुम्हाला आवडला तो तोच. तो मूत्रपिंडातल्या एका एन्झाइमला अडवतो, त्यामुळे कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) तिथे मीठ धरून ठेवणाऱ्या हार्मोनसारखं वागायला लागतं. परिणाम: अंगात पाणी साठतं, बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं. आणि पोटॅशियम उतरलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात. युरोपच्या तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये रोज नियमित घ्यायची वरची मर्यादा १०० मिलिग्रॅम ग्लायसिऱ्हायझिन अशी सांगितली होती. मुळीत अगदी २ टक्के धरलं तरी पाच ग्रॅम चूर्णात १०० मिलिग्रॅम भरतं, आणि मुळीत त्याहून जास्तही असू शकतं. तुमचे दोन चमचे किती ग्रॅमचे?

छातीत धडधड म्हणून गोड वाटणारं काहीतरी घेतलं आणि ते धडधड वाढवणारं निघालं, असं व्हायला नको. बीपी मोजा, रक्तातलं पोटॅशियम बघून घ्या. अश्वगंधेबद्दल पण: छोट्या चाचण्यांत झोपेला थोडा फायदा दिसलाय हे खरं, पण यकृताला सूज आल्याच्या केसेसही नोंदल्यात, थायरॉइडचं हार्मोन वाढू शकतं, आणि गरोदरपणात नको. डेन्मार्कने २०२३ मध्ये त्यावर बंदीच घातली, ती जरा जास्तच कडक वाटली तरी कारणं वाचण्यासारखी आहेत.

आता 'शरीराला हवं ते आवडतं'. याला एक खरा आधार आहे. अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या) ग्रंथी काम करेनाशा झाल्या की माणसाला मिठाची विलक्षण ओढ लागते, कारण मीठ खरंच वाहून जात असतं. तिथे जीभ बरोबर सांगते. पण तिथून उडी मारून 'मला ज्येष्ठमध आवडतं म्हणजे मला मायेची गरज आहे' इथे नाही जाता येत. गोड सगळ्यांनाच आवडतं. नवजात बाळांना टाचेला सुई टोचताना जिभेवर साखरपाण्याचे थेंब दिले तर ती कमी रडतात, हे भरपूर तपासलेलं आहे. म्हणजे गोडाने जीव शांत होतो, अगदी खरं. पण कुठलंही गोड चालतं, त्यासाठी औषध लागत नाही.

खलबत्ता

शंकासुरला पूर्ण अनुमोदन. माझ्या आधीच्या प्रतिसादात हे पहिलं यायला हवं होतं, अध्यायाच्या नादात राहिलं. चूक माझी.

कडूजहर

शंकासुर, मग माझ्या कडूचं काय? की तेही बंद करू?

शंकासुर

तुमचं कडू जरा वेगळं प्रकरण आहे. माणसात कडू चवीचे साधारण २५ प्रकारचे रिसेप्टर (चव ओळखणारे पेशींवरचे रेणू) आहेत, आणि ते फक्त जिभेवर नाहीत, आतड्यात आणि श्वासनलिकेतही सापडलेत. कडू जिभेला लागलं की लाळ आणि पाचक रस सुटायला लागतात, म्हणून तुमची ती गुरगुर. इतके प्रकार कडूलाच का, तर बरीच वनस्पतींची विषं कडू असतात, शरीर त्यावर पहारा ठेवून असतं. पण अल्सर, पित्ताचे खडे असतील तर कडूचे प्रयोग नकोत, आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर फार उतरते का ते बघत बसावं लागतं.

जाता जाता, तुरट आणि तिखट या शरीरशास्त्राच्या हिशोबाने चवी नाहीतच. तुरटपणा म्हणजे टॅनिनने (सालीतल्या तुरट द्रव्याने) लाळेतली प्रथिनं धरून बसवली आणि जीभ खरखरीत झाली, तो स्पर्श आहे. अर्जुनाने रात्रवेडीची जीभ चिकटली ती अशी. तिखट म्हणजे उष्णता आणि वेदना ओळखणारा रिसेप्टर फसतो, तो १९९७ मध्ये सापडला आणि डेव्हिड ज्युलियसना २०२१ चं नोबेल त्यावर मिळालं. उलट १९०८ मध्ये इकेदांनी वेगळी दाखवलेली उमामी (अजिनोमोटोची) ही चव सहाच्या यादीत नाही.

खलबत्ता

कडूबद्दल ग्रंथात एक फार सुंदर निरीक्षण आहे, तिक्त रस स्वतः रुचत नाही पण अरुची घालवतो. कडूजहरचा पहिला प्रतिसाद आणि शंकासुरचे पाचक रस, दोन्ही त्यात आले. तुरट स्पर्श आहे हे मान्य, पण वैद्याला त्याने फरक पडत नाही. जिभेला आवळल्यासारखं होतं तसंच ते आत करतं, जुलाब थांबवतं, रक्त थांबवतं. त्या अर्थी जीभ म्हणजे छोटं मॉडेल.

भावनेचं म्हणाल तर मधुर रस सहाही इंद्रियांना प्रसन्न करतो (सहावं म्हणजे मन) आणि अम्ल मनाला जागं करतो, असं थोडंसं आलंय. पण 'कडूने दुःख मोकळं होतं' असला तक्ता मी तरी ग्रंथात वाचलेला नाही. चिनी वैद्यकात पाच चवींना पाच अवयव आणि पाच भावना जोडलेल्या आहेत, आंबट-यकृत-राग, कडू-हृदय-आनंद, गोड-प्लीहा-चिंता, तिखट-फुप्फुस-शोक, खारट-मूत्रपिंड-भीती. लक्षात आलं का, तिथे कडू आनंदाच्या खात्यात आहे आणि तिखट शोकाच्या! रात्रवेडीने वाचलं त्याच्याशी जुळतच नाही. आपले रस आणि हा चिनी तक्ता एकत्र कालवून कुणीतरी तिसराच बनवलाय.

गवती

उशिरा येतेय. मी हौसेने वीस-बावीस औषधी झाडं लावलीत, त्यामुळे चव हा माझा रोजचा विषय. मला एवढंच सांगायचंय की डबीतल्या पावडरीची चव म्हणजे त्या वनस्पतीची चव असेलच असं नाही. तुळशीचं कोवळं पान आणि मंजिऱ्या आल्यानंतरचं पान चाखून बघा, दोन वेगळी झाडं वाटतील. वासाची द्रव्यं तर पूड करून ठेवली की काही महिन्यांत उडून जातात. अश्वगंधेला धुळीची चव आली म्हणतेस ना, कदाचित धूळच असेल :फिदी: जटामांसी डोंगरातून इतकी ओरबाडली गेलीय की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, त्यामुळे भेसळ भरपूर. तुझी मात्र वासावरून खरी वाटते, ती व्हॅलेरियन या उग्र वासाच्या मुळीच्या कुळातली, आणि ओले मोजे ही त्या अख्ख्या घराण्याची खूण.

आणि जिभेवर फार विश्वास असणाऱ्यांसाठी एक खेळ. माझ्याकडे गुडमारचा वेल आहे. एक पान नीट चावून जिभेवर सगळीकडे फिरवायचं, थुंकायचं, मग चिमूटभर साखर तोंडात टाकायची. वाळू!! अक्षरशः वाळू, कचकच करणारी, काही चव नाही. अर्धा-पाऊण तास असंच. त्या पानातले घटक गोडाचा रिसेप्टर झाकून टाकतात. पहिल्यांदा केलं तेव्हा मी बशीतली साखर दुसऱ्यांदा घेतली, तिसऱ्यांदा घेतली, मग चक्क घाबरले की आता हे कायमचं. साखर तीच, जीभ तीच, एका पानाने मधला दुवा काढून घेतला. त्या दिवसापासून 'माझी जीभ सांगते' असं मी जरा हळू आवाजात म्हणते.

(मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांनी गुडमार गिळून प्रयोग करू नयेत, साखर फार उतरू शकते.)

शंकासुर

सुरेख उदाहरण. त्यात भर, जीभ सगळ्यांची सारखी नसतेच. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स नावाचा रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत एक पूड ओतत होता, ती हवेत उडाली, शेजारचा म्हणाला काय कडू आहे हे, आणि फॉक्सला स्वतःला काहीच लागेना. पुढे कळलं की तो फरक अनुवंशिक आहे. म्हणजे एकाच काढ्याला नवरा 'बेचव' म्हणेल आणि बायको तोंड धुवायला पळेल, दोघंही खरं बोलतायत. त्यात ताप असला की सगळंच कडू, काही अँटिबायोटिकने तोंडाला धातूची चव येते. आजारी माणसाची जीभ ही सगळ्यात बिघडलेली जीभ, आणि आपण नेमके तेव्हाच तिला विचारतो.

दोनदारी

मी एरवी वाचनमात्र, पण यावर लिहावंसं वाटलं. माझ्या मावशीला फिट्स येतात, गोळीवर कित्येक वर्षं सगळं व्यवस्थित होतं. मध्ये फार उदास राहायला लागली म्हणून कुणीतरी शंखपुष्पीचं सिरप सुचवलं, गोड असतं, मुलांना पण देतात, काय होतंय. महिनाभरात परत दोन झटके. डॉक्टरांनी रक्तातली गोळीची पातळी काढली तर ती खाली आलेली. सिरप बंद केलं, पातळी हळूहळू जागेवर. आम्ही डॉक्टरांना सिरपचं सांगितलंच नव्हतं, कारण ते आमच्या लेखी औषधच नव्हतं. गोड होतं ना.

शंकासुर

दोनदारी, गोळी फेनिटॉइन होती का? असेल तर ही नोंदलेली आंतरक्रिया आहे, शंखपुष्पी असलेल्या सिरपाने फेनिटॉइनची पातळी उतरते. फिट्सवाल्यांनी हे लक्षात ठेवाच.

दोनदारी

हो तीच.

उंटावरचा शहाणा

मी गंमत म्हणून आलो होतो, आता गंभीर झालोय. म्हणजे कडू ते विष, गोड ते सुरक्षित हे पण खोटं?

खलबत्ता

साफ खोटं. बचनाग माहितीय? निघंटूंत (जुन्या औषधीकोशांत) या मुळीचा रस मधुर सांगितलाय. आणि शोधन (विष उतरवायची प्रक्रिया) न केलेला बचनाग इतका जहाल की त्यातलं ॲकोनिटिन काही मिलिग्रॅममध्ये माणूस मारतं. म्हणून शिकवताना आम्ही अनोळखी मुळी विद्यार्थ्यांना चाखू देत नाही.

शंकासुर

आणि शिशाचं एक संयुग चवीला गोड असतं, त्याला शिशाची साखरच म्हणायचे. २००८ मध्ये इंटरनेटवर विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली तेव्हा साधारण २१ टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं. ते जिभेला कळणं शक्यच नाही.

कडूजहर

बरं मग चाखायचंच नाही का? कॅप्सूल गिळायची आणि गप्प बसायचं?

खलबत्ता

मी तसं म्हणणार नाही. कॅप्सूल गिळली की जिभेचा टप्पाच गेला, कडूचं निम्मं काम तिथेच होतं. आणि चवीने मात्रेला लगाम बसतो, तुला काडेचिराईत कितीही आवडलं तरी तू पाच चमचे खाणार नाहीस, कॅप्सूल मात्र आठ गिळशील. पण ओळखीचं, खात्रीचं द्रव्य, थोडंसं, आणि मग थांब. तोंडात काय झालं, दहा मिनिटांनी काय, दुसऱ्या दिवशी काय, एका वेळी एकच. रात्रवेडीने एका बैठकीत सात चाखले, त्यात चौथ्यानंतर जिभेला काय कळलं असणार! ज्येष्ठमधानंतर ब्राह्मी घेतली असेल तर ती सुसह्य लागणारच.

रात्रवेडी

खलबत्ता, अगदी त्याच क्रमाने घेतली होती. बाकी सगळं वाचलं. दोन्ही बंद केलंय. उद्या अपॉइंटमेंट आहे. डब्या घेऊनच जाते.

रात्रवेडी

सव्वा महिन्याने अपडेट देतेय, सॉरी. बीपी १५०/९४ निघालं (माझं आयुष्यभर ११०च्या आसपास). पोटॅशियम कमी होतं, धोक्याचं नाही म्हणाले पण कमी. थायरॉइड जास्त चाललेलं. डॉक्टर म्हणाल्या अश्वगंधा थांबवून परत बघू, तर परवाच्या रिपोर्टमध्येही जास्तच, म्हणजे ते मुळातलंच, अडीचची जाग आणि धडधड बहुतेक त्याचीच. मी तीन महिने तिला 'भावना' समजत होते आणि तिच्यासाठी चव शोधत होते. आता गोळी सुरू झालीय, बीपी ज्येष्ठमध सोडल्यावर तीन आठवड्यांत उतरलं. झोप काल साडेचारपर्यंत लागली, मला तर लॉटरी लागल्यासारखं वाटलं.

एकच प्रश्न राहिला. डब्यांवर मी मार्करने नावं लिहिली होती, ती ओल्या हाताने पुसली गेलीत. जटामांसी आणि ज्येष्ठमध ओळखले. बाकीच्यांचा रंग सारखाच दिसतोय. चाखून ओळखू का?

गवती

नको.

खलबत्ता

नको. टाकून दे.

कडूजहर

एक डबी कडू निघाली तर मला पाठव. बरं बरं, टाक.